श्रुतलेखनात पूर आला आणि पुर वाहून गेलं

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं हे प्रकरण आहे. गाव, वाचनालय, शाळा आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. इथलं सार्वजनिक वाचनालय दर वर्षी 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आठवी-नववीच्या मुलांसाठी शुद्धलेखन स्पर्धा घेतं. आसपासच्या गावांतल्या शाळा मुलं पाठवतात. जतकडच्या दुष्काळी पट्ट्यातूनही एसटीनं दोन-तीन शाळा येतात. बक्षीस म्हणजे पुस्तकं आणि वर्षभर शाळेत मिरवायची एक फिरती ढाल. रक्कम मोठी नसली तरी त्या ढालीवरून शिक्षकांमध्ये चांगलीच चुरस असते.

स्पर्धेचा ढाचा जुना आहे. 50 शब्द, प्रत्येकी एक गुण. शिक्षक शब्द दोनदा उच्चारणार, मुलं लिहिणार. त्या वर्षी शब्दयादी करणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांनी एक नवी गोष्ट केली. उच्चार सारखा पण लेखन आणि अर्थ वेगळा, अशा 8 जोड्या म्हणजे 16 शब्द त्यांनी यादीत विखरून घातले: दिन (दिवस)-दीन (गरीब), पिक (कोकीळ)-पीक, सुत (मुलगा)-सूत (धागा), पुर (नगर)-पूर, शिर (डोकं)-शीर (रक्तवाहिनी), सलिल (जल)-सलील (लीलेनं), पाणि (हात)-पाणी आणि कोश-कोष.

हेतू चांगला होता. गावात 'गौरव दीन' असा फलक लागला की भाषेच्या गौरवाचा दिवस गरीब होतो. 'सुतगिरणी' अशी पाटी असेल तर तिथं धाग्यांऐवजी मुलगे कातले जात असावेत असं वाटतं. मोबाइलवर टंकताना या चुकांखाली लाल रेघही येत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. हा फरक मुलांना कळायला हवा, हे सरांचं म्हणणं कुणालाही पटेल. तो तपासायला त्यांनी श्रुतलेखन निवडलं, आणि अडचण तिथंच होती.

काय बिघडलं

मुलं जास्त आली म्हणून दोन खोल्या केल्या. पहिल्या खोलीत शब्द सांगायला संस्कृत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी 'दिन' तोडून, आखूड म्हटला आणि 'दीन' लांबवला. दुसऱ्या खोलीतल्या सरांनी शब्द आपण रोज बोलतो तसे सांगितले. त्यामुळे सहाव्या क्रमांकाचा शब्द आणि एकतिसावा शब्द हुबेहूब सारखे ऐकू आले. एका मुलानं हात वर करून विचारलंही, "सर, हा शब्द मघाशी झाला की." सर म्हणाले, "सांगितलंय तेवढं लिही."

संध्याकाळी निकाल लागला. पहिले सहाही क्रमांक पहिल्या खोलीतले होते.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या एका गावातले पालक वाचनालयात आले. त्यांची मुलगी दुसऱ्या खोलीत होती. भांडायला नव्हे, विचारायला आले होते, पण प्रश्न चोख होता. "सर, पोरगी म्हणते दोन्ही शब्द एकच ऐकू आले. एकसारखं ऐकून दोन तऱ्हेनं लिहायचं कसं ओ? तिनं काय स्वप्नात बघायचं?"

कार्यवाहांनी तिघांना बसवलं: यादी करणारे सर, जवळच्या महाविद्यालयातल्या मराठीच्या एक प्राध्यापिका आणि मी.

उत्तरपत्रिका काय सांगत होत्या

आधी आम्ही दुसऱ्या खोलीच्या पत्रिका नुसत्या चाळल्या. त्यात दोन प्रकारची मुलं दिसली. एका प्रकारानं दोन्ही ठिकाणी एकच रूप लिहिलं होतं. 'पूर' आणि पुन्हा 'पूर'. 2005 आणि 2019 चा महापूर ज्या गावांनी पाहिला, तिथल्या मुलाला 'पूर' ऐकल्यावर नगर आठवावं अशी अपेक्षा जरा जास्तच होती. या मुलांना जोडीमागे एक गुण हमखास मिळाला.

दुसऱ्या प्रकारच्या मुलांच्या लक्षात आलं होतं की तोच आवाज दुसऱ्यांदा आलाय, म्हणजे यात ऱ्हस्व-दीर्घाची मेख आहे. त्यांनी एकदा पुर आणि एकदा पूर लिहिलं. कुठला आधी, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. अंदाज बरोबर आला तर दोन गुण, उलटा पडला तर शून्य. म्हणजे ज्याला दोन्ही शब्द माहीत होते त्यानं जुगार खेळला, आणि ज्याला एकच माहीत होता तो एक गुण घेऊन निवांत राहिला. तक्रार करणाऱ्या मुलीच्या पाच जोड्या नेमक्या उलट्या पडल्या होत्या. 10 गुण गेले, आणि ते तिला माहीत होतं म्हणूनच गेले.

माझ्या दृष्टीनं या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. दोन खोल्यांतला फरक सगळ्यांना दिसला. पण खोली एकच असती आणि सांगणारे दुसऱ्या खोलीतले सर असते, तर कुणी तक्रारही केली नसती आणि परीक्षा तितकीच उफराटी झाली असती.

उच्चाराचा वाद

बाईंना बोलावलं तेव्हा त्या थोड्या दुखावलेल्या होत्या. "शब्द स्पष्ट उच्चारले यात माझं काय चुकलं? ऱ्हस्व ते ऱ्हस्व, दीर्घ ते दीर्घ." संस्कृतच्या तासाला त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. संस्कृतात ऱ्हस्व आणि दीर्घ यांची लांबी खरोखर वेगळी असते, छंद त्यावरच उभे असतात. मराठी बोलण्यात मात्र इ-उ ची लांबी शब्दातल्या जागेवरून ठरते. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा इ किंवा उ आपण लांबच म्हणतो. आपण 'वीष' म्हणतो आणि विष लिहितो, 'गूण' म्हणतो आणि गुण लिहितो. अस्सल मराठी आणि अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांत लेखन उच्चाराच्या मागून जातं: पीक, फूल, गरीब, वकील. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द मूळ लेखन सांभाळतात, मग आपण ते कसेही म्हणू. म्हणून दिन आणि दीन कानाला एकच वाटतात.

तेव्हा बाईंनी उच्चार 'शुद्ध' केला असं म्हणण्यापेक्षा त्यांनी उत्तर सांगितलं, असं म्हणायला हवं. नकळत, आणि चांगल्या हेतूनं. प्राध्यापिकांनी हे सौम्यपणे मांडलं. बाईंना ते पूर्ण पटलं असं मला वाटलं नाही. पण त्यांनी पुढं वाद घातला नाही.

यादीचंही तपासून झालं

पालकांचा प्रश्न फक्त आवाजाचा होता. आम्ही यादीच तपासायला घेतली आणि त्यात आणखी दोन दगड निघाले.

पहिला 'पाणि'. पाणि म्हणजे हात, पाणी म्हणजे जल, ही जोडी व्याकरणाच्या जुन्या पुस्तकांत हमखास असते. पण मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले (1962 मध्ये 14, 1972 मध्ये आणखी 4) आणि शब्दाच्या शेवटी येणारे तत्सम इकार-उकारही दीर्घ झाले. कविचा कवी झाला, गुरुचा गुरू झाला. त्याच न्यायानं सुटा लिहिला तर हातही 'पाणी'च. ऱ्हस्व राहतो तो समासाच्या पहिल्या पदात, जसं पाणिग्रहण. म्हणजे उत्तरसूचीतलं 'पाणि' आजच्या नियमांनी चूक, आणि ज्या मुलांनी दोन्ही वेळा 'पाणी' लिहिलं त्यांचा कापलेला गुण अन्यायानं गेला होता. सरांनी यादी ज्या पुस्तकावरून केली ते त्यांच्या स्वतःच्या शाळेच्या काळातलं होतं. त्यांनी ते पिशवीतून काढून दाखवलं. त्यात 'नांव' म्हणजे संज्ञा आणि 'नाव' म्हणजे होडी अशीही जोडी होती. न उच्चारले जाणारे अनुस्वार नव्या नियमांनी गेले तेव्हा तीही जोडी मिटली. कृष्णेवर होड्यांच्या शर्यतीला नाव उतरवणारा मंडळाचं नाव आता त्याच अक्षरांत लिहितो, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

दुसरा दगड कोश-कोष. शब्दकोश आणि रेशमाचा कोश एकीकडे, खजिन्याचा कोष दुसरीकडे, अशी वाटणी बरेच जण पाळतात. पण मुळात संस्कृतात ही एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. ती वाटणी संकेत म्हणून शिकवावी, तिच्यावर गुण कापू नयेत, असं प्राध्यापिकांचं मत पडलं. सरांना ते मान्य नव्हतं, पण दोन विरुद्ध एक झालं.

पुर-पूर या जोडीवरही बोलणं झालं. पुर म्हणजे नगर हे खरं. अंतःपुर, पुरवासी यांत ते ऱ्हस्वच आहे. पण गावाच्या नावाला जोडलेलं 'पूर' मराठीत नियमानंच दीर्घ लिहितात: सोलापूर, कोल्हापूर, पंढरपूर. ज्या मुलानं गाव या अर्थी कायम दीर्घच पाहिलंय त्याला सुटं 'पुर' विचारणं चूक नाही, पण निदान अर्थ तरी सांगायला हवा होता. ही जोडी ठेवायची ठरलं.

समोरचे पर्याय

निकाल आहे तसा ठेवावा, ही कार्यवाहांची पहिली प्रतिक्रिया होती. माहितीपत्रकात 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' असं छापलेलंच होतं. पण पाणि-पाणीची चूक हाती लागल्यावर ते स्वतःच म्हणाले की आता हे वाक्य पुढं करायला लाज वाटेल.

सगळे 16 शब्द वगळून 34 वर निकाल लावावा, हा सगळ्यात सोपा मार्ग होता. करूनही पाहिला. पहिल्या जागेसाठी इतकी मुलं बरोबरीत आली की ढाल कुणाला द्यायची तेच ठरेना. शिवाय पहिल्या खोलीतल्या ज्या मुलांना हे शब्द खरोखरच येत होते त्यांची मेहनत पाण्यात गेली असती.

दोन्ही लेखनं बरोबर धरावीत, असं एका शिक्षक प्रतिनिधीनं सुचवलं. यावर फार बोलावं लागलं नाही. शुद्धलेखन स्पर्धेत दीन आणि दिन दोन्ही चालतात असं जाहीर करून कोण परत जाणार?

मी एक वेगळा मार्ग मांडला होता. पाणि आणि कोश या जोड्या काढायच्या, आणि उरलेल्या सहांत क्रम न पाहता, दोन्ही रूपं पत्रिकेत आली असतील तर दोन गुण द्यायचे. पुर-पूर लिहिलं काय किंवा पूर-पुर लिहिलं काय, मुलाला दोन शब्द आहेत एवढं माहीत होतं हे त्यातून दिसतं. कुणाला परत बोलवावं लागलं नसतं. आक्षेप आला तो असा की रूपं माहीत असणं म्हणजे अर्थ माहीत असणं नव्हे. तेही खरंच. पण श्रुतलेखन अर्थ विचारत नव्हतंच, हे माझं म्हणणं तेव्हा टिकलं नाही.

शेवटी फेरपरीक्षा ठरली. पूर्ण नव्हे. सहा जोड्यांपुरती, आणि ज्यांचा क्रमांक बदलू शकत होता अशाच मुलांची.

काय केलं

शब्दांऐवजी वाक्यं सांगायची, पूर्ण वाक्य लिहून घ्यायचं आणि गुण फक्त त्या शब्दाला द्यायचा, असं ठरलं. वाक्यं मी आणि प्राध्यापिकांनी बसून केली. काम तासाभराचं वाटलं होतं, पण पहिल्याच मसुद्यात अडखळलो. आमचं एक वाक्य होतं, 'पुराचे पाणी आयर्विन पुलाला लागले.' वाक्य सांगलीकराच्या जिभेवरचं, पण परीक्षेला निरुपयोगी. पूर या शब्दाला विभक्ती लागली की तो 'पुरा' होतो आणि नगराच्या 'पुरा'शी एकरूप होतो. पीक-पिकाला, सूत-सुताचा, सूर-सुरात, सगळीकडे तेच. धाग्याचं सूत आणि मुलगा या अर्थाचा सुत 'सुताचा' या रूपात भेटतात, आणि कागदावरही त्यांना वेगळं ओळखता येत नाही. दिन-दीन हे दोन्ही तत्सम असल्यानं विभक्तीतही वेगळे राहतात: दिनाला, दीनाला. पण मुलांना वाक्यागणिक वेगळा नियम लावायला लावणं नको होतं. म्हणून सगळे शब्द प्रथमेत, एकवचनात आणि सुटे ठेवायचे असं बंधन घालून घेतलं.

वाक्यं अशी झाली: 'यंदा हळदीचे पीक चांगले आले.' 'आंब्याच्या फांदीवर बसून पिक गाऊ लागला.' 'रात्रीतून कृष्णेला पूर आला.' 'राजाने नदीकाठी नवे पुर वसवले.' 'चरख्यावर सूत निघू लागले.' 'दशरथाचा सुत राम वनवासाला निघाला.' सूत म्हणजे सारथी हा तिसरा अर्थ आम्ही टाळला. नाहीतर कर्ण सूतपुत्र की सुतपुत्र, म्हणजे सारथ्याचा मुलगा की मुलाचा मुलगा, यावर पुन्हा एक बैठक झाली असती.

सांगणारी व्यक्ती एकच, आणि उच्चार बोलण्यातला. प्राध्यापिकांनीच वाचलं. बाई आणि दुसऱ्या खोलीतले सर दोघंही मागं बसले होते.

निरोप प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांना फोनवर दिला, आणि कारण लेखी पाठवलं. त्यात पाणि-पाणीची चूक स्पष्ट लिहिली होती. कार्यवाहांना ती लिहायची नव्हती. प्राध्यापिका म्हणाल्या, "मुलांच्या चुका आपण लाल शाईनं लिहितो, आपली पेन्सिलनं तरी लिहू या."

निकाल

पहिला आलेला मुलगा फेरपरीक्षेतही पहिला आला. सगळी वाक्यं बरोबर. त्याला बाईंच्या उच्चाराची गरजच नव्हती, हे सिद्ध झालं आणि त्याच्या शिक्षकांचा राग निम्मा झाला. दुसरा-तिसरा क्रमांक बदलला. दुसऱ्या खोलीतला एक मुलगा तिसरा आला.

तक्रार करणारी मुलगी चौथी आली. 'पिक' तिला आला नाही. तिनं 'पीक गाऊ लागला' असं लिहिलं, आणि बाहेर आल्यावर मैत्रिणीला म्हणाली, "पीक कसं काय गाईल म्हणून मलाबी वाटलं होतं." पालकांनी निकाल शांतपणे घेतला.

जतकडची एक शाळा फेरपरीक्षेला आलीच नाही. त्यांची मुलगी आधीच्या यादीत पाचवी होती. एका मुलीसाठी शिक्षकानं पुन्हा एसटीनं इतका पल्ला गाठायचा, तेही आयोजकांच्या घोळापायी, हे त्यांना पटलं नाही. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. तिची पहिल्या दिवसाची पत्रिका सुधारित सूचीनं तपासून तिला उत्तेजनार्थ बक्षीस पाठवलं, पण त्यानं नाराजी गेली नाही. पुढच्या वर्षी त्या शाळेची नावं आली नाहीत.

पुन्हा करायचं तर

फेरपरीक्षेचा निर्णय न्यायाच्या बाजूनं बरोबर होता, पण लांबून येणाऱ्यांना महाग पडला. क्रम न पाहता गुण देण्याचा मार्ग कमी काटेकोर होता, तरी त्यात कुणाला तिकीट काढावं लागलं नसतं. तिढा पहिल्या तीन जागांपुरताच उरला असता तर तेवढ्याच मुलांना बोलावता आलं असतं. किंवा त्या-त्या शाळेत जाऊन वाक्यं सांगता आली असती. हे दुसरं कुणालाच सुचलं नाही. बैठकीतले सगळे तालुक्याच्या गावात राहणारे होते, हे त्यामागचं एक कारण असावं.

मुलानं "हा शब्द मघाशी झाला" म्हटलं तो क्षण सुटायला नको होता. शब्द सांगणाऱ्याच्या हाती नुसती यादी होती, कुठले शब्द जोडीतले आहेत हे त्याला माहीतच नव्हतं. यादी करणाऱ्यानं प्रत्येक जोडशब्दापुढं एक वाक्य लिहून दिलं असतं तर सरांनी ते वाचलं असतं आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

शब्दांच्या निवडीबद्दल माझं वेगळं मत आहे. पिक म्हणजे कोकीळ, सलील म्हणजे लीलेनं, हे शब्द आज जुन्या कवितेत भेटतात, बोलण्यात नाही. ते माहीत असणं चांगलंच, पण ती शब्दसंग्रहाची परीक्षा झाली. शुद्धलेखनाच्या नावाखाली ती घेतली की आजोबा कीर्तनाला जाणारं मूल पुढं जातं. जिवंत जोड्या थोड्याच आहेत: दिन-दीन, शिर-शीर, फार तर सुर (देव)-सूर (स्वर). त्या थोड्याच विचाराव्यात. सर यावर अजूनही सहमत नाहीत. आठवीच्या मुलाला पिक माहीत नसेल तर ती स्पर्धा कसली, असं ते म्हणतात, आणि त्यांच्या वाचनालयातल्या वजनापुढं माझं मत हलकं आहे.

आता ढाचा असा आहे: सुटे शब्द 40, त्यात सारखा ऐकू येणारा एकही नाही. नंतर 10 वाक्यं छापील देतात. रिकाम्या जागी कंसातल्या दोन रूपांपैकी योग्य ते लिहायचं, कान मध्ये येतच नाही. यादी करणारा आणि तपासणारा वेगळा असतो, आणि तपासणारा ती चालू नियमांशी ताडून सही करतो. कोश-कोष त्यात नाही. पिक मात्र सरांनी पुन्हा घातला आहे.